नागपुरात राहून कलेतून सामाजिक काम करता येईल का? कॉलेजचे माजी विद्यार्थी मदत करतात का?

तुम्ही नागपुरातून उपयोजित कलेची पदवी घेतली आहे, मुंबईच्या जाहिरात संस्थेतील नोकरी समोर आहे आणि तरीही इथेच राहून समाजासाठी काही करावे असे वाटते. मी अठरा वर्षांपासून याच शहरात आरोग्य व शिक्षणविषयक पुस्तिकांसाठी चित्रे काढतो. त्या अनुभवावरून सांगतो की हे काम करता येते, फक्त कल्पना घरी बसून पक्की करू नका.

सुरुवातीच्या काळात रामटेककडच्या एका गावात मी गरोदर स्त्रियांच्या आहाराचे भित्तिपत्रक घेऊन गेलो होतो. त्यातले सफरचंद, पाव आणि दुधाचा ग्लास मी फार मेहनतीने रंगवले होते. एका आजींनी ते बराच वेळ निरखले आणि त्या म्हणाल्या, "हे त बिमार माणसाचं जेवण हाये, भाऊ." मग मी तिथल्या तीन घरांत चुलीजवळ बसलो आणि त्यांच्या ताटात जे पडते तेच काढले: भात, वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. ते चित्र अंगणवाडीच्या भिंतीवर लागले तेव्हा बायका बोट ठेवून आपापल्या घरात काय कमी पडते ते एकमेकींना सांगू लागल्या.

याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामाचे आहे. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखण्यासाठी मिनिटाला श्वास मोजावे लागतात. पण गावातल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजणे जमत नव्हते. म्हणून मण्यांचे एक साधे उपकरण तयार झाले, ज्यात दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा आणि मिनिट संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर बाळाला उपचार हवेत असे समजायचे. तुमच्या शाखेत ज्याला आपण डिझाइन म्हणतो ते हेच आहे, आणि ते सुईणींची अडचण नीट समजून घेतल्यामुळेच सुचू शकले. बंग दांपत्याच्या घरोघरी नवजात बालसेवेच्या ३९ गावांतील प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आता माजी विद्यार्थ्यांविषयी. स्नेहमेळाव्यात शाल-श्रीफळ आणि भाषणे होतात, त्यातून फारसे हाती लागत नाही. त्यांच्याकडे देणगी मागू नका, ओळख आणि वेळ मागा. माझी पहिली पुस्तिका एका वरिष्ठ विद्यार्थ्याने आपल्या छापखान्यात उरलेल्या कागदावर छापून दिली, आणि दुसऱ्या एका ताईंनी, ज्या तेव्हा ग्रामीण रुग्णालयात होत्या, मजकुरातल्या चार गंभीर चुका दाखवल्या. ही मदत मला पैशांपेक्षा मोठी वाटते.

पोटापाण्याचेही स्पष्ट सांगतो. आठवड्यातले तीन दिवस मी लग्नपत्रिका आणि फराळाच्या पाकिटांची कामे घेतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही. संस्थांकडून मात्र मानधन अवश्य मागा. चित्र म्हणजे सेवाभावाने फुकट मिळणारी गोष्ट, असा समज अनेक चांगल्या माणसांचाही असतो, आणि तो आपण पहिल्याच भेटीत दूर केला नाही तर पुढे मन कडवट होते.

मुंबईला लगेच नकार कळवू नका. रुजू होण्याची तारीख महिनाभर पुढे ढकलता येते का ते विचारा, आणि तो महिना वही-पेन्सिल घेऊन एकाच गावात किंवा एकाच वस्तीत काढा.