धाकटीला सीलिएक, मग त्रास मला जास्त कसा?

"मॅडम, धाकटीला सीलिएक निघाला. पण पोटाचा त्रास तर मला जास्त होतो. म्हणजे मलाही तेच असणार ना?" थोरलीनं आल्या आल्या विचारलं. आहार समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न सारखा कानावर येतो. गहू सोडला की बरं वाटतं, म्हणजे सीलिएकच (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतडं बिघडवणारा आजार) का?

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

थोरलीनं दोन पोळ्या खाल्ल्या की थोड्या वेळात पोट टम्म फुगायचं, दुसऱ्या दिवशी डोकं जड, अंगात त्राण नाही. धाकटीचं पोट कधी दुखल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. पण लोहाच्या गोळ्या घेऊनही तिचं हिमोग्लोबिन नऊच्या वर सरकत नव्हतं आणि तोंड सारखं यायचं. डॉक्टरांना शंका आली, रक्ततपासणी झाली, मग एंडोस्कोपीत लहान आतड्याचा तुकडा तपासल्यावर निदान पक्कं झालं.

सीलिएक आणि नुसतं ग्लुटेन न सोसणं, पोटाच्या तक्रारींवरून या दोन त्रासांत फरक करता येत नाही. गॅस, जुलाब, पोटदुखी, थकवा दोन्हीकडे असतात. सीलिएकमध्ये ग्लुटेनमुळे प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतली, टर्किश टॉवेलला असते तशी लव झडून सपाट होते आणि लोह, कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. म्हणून रक्तक्षय, ठिसूळ हाडं, मुलांची खुंटलेली उंची, कुणाकुणाला कोपर-गुडघ्यांवर खाज सुटणारे फोड. नुसतं ग्लुटेन सोसत नसेल तर त्रास खराच असतो, कधी जास्तही, पण आतडं शाबूत राहतं. मला तर गुरगुरणाऱ्या पोटापेक्षा गोळ्यांना दाद न देणाऱ्या हिमोग्लोबिनची धास्ती जास्त वाटते.

थोरलीची अडचण वेगळीच होती. तिनं काही महिन्यांपूर्वी परस्पर गहू बंद केला होता. गहू पोटात जात नसेल तर रक्तातली सीलिएकची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) उतरतात आणि ती मोजणारी टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी खोटा दिलासा देऊ शकते. डॉक्टरांनी तिला काही आठवडे रोज पोळी खाऊन मग रक्त द्यायला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "बरं वाटतंय तर कशाला उकरायचं?" कारण सीलिएक असेल तर पथ्य जन्मभराचं आणि कडक. अंदाजावर एवढं ओझं कुणी का वाहावं?

चाचणी निगेटिव्ह आली, आतड्याचा तुकडाही निरोगी निघाला, गव्हाची अ‍ॅलर्जीही नव्हती. मग आम्ही जेवणाची वही ठेवली. लसणाची चटणी आणि कांद्याची भजी खाल्ल्यावरही पोट तसंच फुगत होतं. गव्हात फ्रुक्टन नावाची शर्करा असते, तीच कांदा-लसणात असते. त्रास बहुधा तिचाच. आता थोरली भाकरीवर असते, लग्नात एखादी पुरी खाते, फार तर संध्याकाळ अस्वस्थ जाते.

धाकटीला ती पुरी चालत नाही. आई घरातले डबे घेऊन आली होती. हिंगाची डबी फिरवून मागचं बारीक छापील वाचलं, तर त्यात गव्हाचं पीठ. मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू. ज्वारी निर्धोक, पण गिरणीत गव्हापाठोपाठ दळलेली नाही. "चिमूटभर हिंगानं काय होतंय?" आजींनी विचारलं. आपल्याकडे ग्लुटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, हे सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. पुढच्या खेपेला कळलं, घरी छोटी चक्की आलीय.

सीलिएक कुटुंबात आढळला की आईवडील, भावंडं, मुलं यांची चाचणी करून घ्यावी लागते. त्यांच्यातला धोका इतरांपेक्षा बराच जास्त. आईनं लगेच रक्त दिलं. वडील म्हणाले, "मला पोटाचा काही त्रास नाही."

"धाकटीला तरी कुठे होता?" थोरलीच त्यांना म्हणाली.