हंगेरियन लोकांच्या 'फ्रॅटर्नल' विमा संस्थेत मराठी माणसाने सभासद व्हावं का?

फ्रॅटर्नल संस्था, म्हणजे सभासदांनी एकमेकांच्या मदतीसाठी चालवलेली विमा संस्था, हे साखळी मार्केटिंग नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रश्नात तुम्ही 'भानगड' असं लिहिलंय आणि ते मला झोंबलं. तुमचं म्हणणं असं: पिट्सबर्गला नवीन आलात, ऑफिसातला एक हंगेरियन वंशाचा सहकारी 'छोटी पॉलिसी घ्या, सभासद व्हा, पिकनिकला या' म्हणून मागे लागलाय, आणि आपण ना हंगेरियन ना चर्चवाले, तर हे लोक आपल्याला कशाला घेतायत? माझं सासर पश्चिम पेनसिल्व्हेनियातलं, हंगेरियन. सासूबाई अशाच एका संस्थेच्या ब्रँचच्या सेक्रेटरी होत्या, हातपाय चालेनासे होईपर्यंत. त्यामुळे उत्तर लांबणार.

तुमचा सहकारी बहुतेक विल्यम पेन असोसिएशनबद्दल बोलत असावा, तिचं मुख्य कार्यालय पिट्सबर्गलाच आहे. नावात हंगेरियन काही नाही, पण मूळ पक्कं हंगेरियन. 21 फेब्रुवारी 1886 ला हेझल्टन या कोळशाच्या गावात 13 हंगेरियन खाणकामगारांनी एक मदतमंडळ काढलं आणि त्याला हंगेरीतल्या द्युला वेर्होवाय या पत्रकार-खासदाराचं नाव दिलं. आजारी पडला तर थोडे पैसे, मेला तर मातीचा खर्च आणि बायकोच्या हातात काहीतरी, एवढाच हेतू. 1955 साली हे वेर्होवाय मंडळ आणि ब्रिजपोर्ट, कनेक्टिकटचं राकोत्सी मंडळ एकत्र झाले आणि पेनसिल्व्हेनियाच्या संस्थापकाचं नाव घेतलं गेलं. म्हणजे हंगेरियन नसलेल्यांना दार उघडून आता पुष्कळ वर्षं झाली. तुम्ही काही पहिले पाहुणे नाही.

कशाला काढलं असेल मंडळ, हे कळायला त्या काळातली खाणीची वस्ती डोळ्यासमोर आणावी लागते. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टरही कंपनीचाच. एकटे आलेले पुरुष एखाद्या बाईच्या घरी जेवण-अंथरुणावर राहायचे. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच गादीवर आडवा. गिरणगावातली खाणावळ आणि कोकणातल्या गावांचे गाळे ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. माणूस खाणीत मेला तर कंपनी प्रेत दारात आणून ठेवायची आणि वर घर रिकामं करायला सांगायची. कामावरच्या अपघाताची भरपाई देणारा कायदा पेनसिल्व्हेनियात झाला 1915 साली आणि लागू झाला 1916 पासून. त्याआधी 19 डिसेंबर 1907 ला जेकब्स क्रीकच्या डार खाणीत स्फोट होऊन 239 माणसं गेली, त्यांत हंगेरियन पुष्कळ. त्या दिवशी चर्चच्या जुन्या (ज्युलियन) पंचांगाप्रमाणे सेंट निकोलसचा सण होता, म्हणून बरेच रुसिन (कार्पेथियन डोंगरांतले स्लाव) कामगार चर्चमध्ये होते आणि तेवढे वाचले. तिथल्या ऑलिव्ह ब्रँच दफनभूमीत सामुदायिक कबर आहे. लग्नानंतर सासूबाईंनी मला पहिल्यांदा कुठे नेलं असेल तर तिथे. सून म्हणून दागिने नाही दाखवले, ही कबर दाखवली.

आता सभासदभरती. तुमचा सहकारी मागे का लागलाय, याचं उत्तर त्या जुन्या हिशोबात आहे. अशा बहुतेक मंडळांचा सुरुवातीचा हिशोब भाबडा असायचा: कुणी गेला की उरलेल्यांनी माणशी ठरावीक रक्कम काढायची. ही पद्धत पेनसिल्व्हेनियातच मीडव्हिलला 1868 साली निघालेल्या एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेनने देशभर नेली, एका मृत्यूमागे एक डॉलर. विशीतला पोरगा आणि पन्नाशीतला गडी, दोघांनाही तोच डॉलर. वर्षं गेली की सभासद म्हातारे होतात, मरणं वाढतात, वर्गण्या वाढतात, तरुण म्हणतात मी कशाला भरू, आणि मंडळ बसतं. अशी कितीतरी बसली. जी टिकली त्यांनी वयाप्रमाणे हप्ते लावले, राखीव निधी ठेवला, राज्याच्या विमा खात्याची तपासणी मान्य केली. तरी 'तरुण माणूस आणा' हा धोशा हाडात मुरला तो मुरलाच. शिवाय कायद्याने फ्रॅटर्नल संस्थेला नुसता विमा विकून भागत नाही. ब्रँचेस हव्यात, सभासदांनी निवडलेले प्रतिनिधी हवेत, समाजाचं काही काम हवं. करमाफी त्यावरच मिळते. माणसं नसतील तर ब्रँच कुठली!

सासूबाईंची भरती मी जवळून पाहिली. त्यांच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात रबरबँड लावलेल्या पावत्या, कोरे अर्ज आणि एक वही. वहीत गावातल्या कुणाकडे बाळ झालं, कुणाचा बाप्तिस्मा कधी, हे सगळं. 'पॉलिसी' हा शब्द त्या काढायच्याच नाहीत. बाप्तिस्म्याच्या जेवणाला जायच्या, अक्रोडाचा रोल घेऊन, आणि बाळाच्या आजीशेजारी बसायच्या. आजी स्वतःच विचारायची, "अर्ज आणलायस ना?" नातवाच्या नावाने छोटी पॉलिसी, हप्ता आजी भरणार. पाळण्यातलं पोर सभासद! पुढे तेच पोर संस्थेच्या बोलिंग स्पर्धेत खेळणार, कॉलेजला जाताना शिष्यवृत्तीचा अर्ज करणार. आमच्या ह्यांचंही तसंच झालं.

पण मला खरं काय ते कळलं एका म्हाताऱ्याच्या मातीला. स्टील मिलमधून निवृत्त झालेला, लग्न न केलेला, सगळ्यांशी भांडलेला माणूस. पिट्सबर्गजवळच्या होमस्टेडची स्टील मिल 1986 साली बंद झाली तेव्हापासून तो गावात कुणाशी धड बोलला नव्हता म्हणतात. ब्रँचच्या मीटिंगला यायचा तो फक्त हिशोबात चुका काढायला. त्याच्या आईने तो लहान असताना 500 डॉलरची पॉलिसी काढून ठेवलेली. 500 डॉलरमध्ये आज शवपेटीचं झाकणही येत नाही. चर्चच्या तळघरात जेवण होतं, कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळलेले रोल, चिकन पाप्रिकाश, कागदी प्लेटा. सासूबाई दाव्याचे कागद आधीच करून बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या भाचीला बाजूला घेतलं, सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं, मृत्युदाखल्याची प्रत डब्यात टाकली. आणि मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुझा मामा खडूस होता, पण हप्ता एकदाही चुकवला नाही." बस्स. भाची रडली ती तेव्हा, चर्चमध्ये नव्हे. कॉफी व्हायच्या आत तिने आपल्या दोन मुलींसाठी अर्ज मागून घेतले. सासूबाईंनी मागितले नव्हते.

म्हणून माझं ठाम मत: सभासद नाचगाण्याने येत नाहीत. सण, गुलाश, लोकनृत्य हे सगळं ठीक, त्याने गर्दी जमते. सभासद होतो तो माणूस, ज्याने कुणाच्यातरी मरणाच्या वेळी संस्था वेळेवर उभी राहिलेली पाहिली.

आता इथे मला आपल्याकडचं बोलायचं आहे. नाही बोलले तर रात्री झोप लागायची नाही. मी इथल्या एका मराठी मंडळाच्या कमिटीवर होते. कोणतं ते विचारू नका. गणपतीला दारात टेबल टाकून वर्षाची वर्गणी घ्यायची, सभासदांना तिकीट स्वस्त, दिवाळीला परत तेच. वर्गणीचा अर्थ एवढाच. मी मीटिंगमध्ये म्हटलं, दर सभासदामागे थोडे पैसे बाजूला काढून अडचणीसाठी निधी करू या. अचानक कुणी गेलं, देह भारतात न्यायचा आहे, बायकोची नोकरी नाही, अशा वेळी निदान पहिले चार दिवस तरी हात पसरायला नको. हंगेरियन लोकांचं उदाहरण दिलं. खजिनदार हसले. म्हणाले, "ते खाणकामगार होते हो! आपण काय कोळसा फोडायला आलोय? इथे प्रत्येकाला ऑफिसचा विमा आहे." सगळे हसले. मी चिवडा पुढे सरकवला आणि गप्प बसले.

ऑफिसचा विमा! नोकरी गेली की साधारणपणे तोही जातो. नोकरी सुटल्यावर महिनाभरात तो स्वतःच्या नावावर करून घेता येतो, पण ती सूचना कोण वाचतं? आणि एच-वन-बी व्हिसावाल्याला नोकरी गेल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त 60 दिवस. त्यात तो दुसरी नोकरी शोधेल की विम्याचे कागद वाचेल? पुढे व्हायचं तेच झालं. कपातीत नोकरी गेलेला एक तरुण मुलगा हृदयविकाराने गेला, घरात बायको आणि लहान मूल. फ्युनरल होमवाले पैसे आधी मागतात, वाणिज्य दूतावासाचे कागद वेगळे, विमानाचं वेगळं. काही हजार डॉलरचं काम. व्हॉट्सॲपवर आवाहन फिरलं, त्या बाईचा फोटो, मुलाचा फोटो, अनोळखी माणसांच्या फोनवर. पैसे जमले, लोक चांगले आहेत, भरपूर जमले. पण ते आवाहन मला पहिल्यांदा कुणी पाठवलं असेल? खजिनदारांनीच. त्या खडूस म्हाताऱ्याच्या भाचीला कुणापुढे फोटो टाकावा लागला नव्हता, एवढंच मला त्यांना म्हणायचं होतं. म्हटलं नाही. इथे म्हणते.

तर तुमच्या प्रश्नाकडे. हंगेरियन लोकांना तुम्ही कशाला हवेत? कारण मिल्स गेल्या, पोरं टेक्सास-नॉर्थ कॅरोलायनाला गेली, ब्रँचेस एकमेकींत मिसळतायत आणि उरलेल्यांचे गुडघे दुखतायत. त्यांना माणसं हवीत, हे उघड आहे आणि त्यात लबाडी नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या मनात बक्षिसाचं किंवा थोड्या कमिशनचं असेलही. असू दे.

बेकन-फ्रायला मात्र जा. म्हणजे जाड बेकनचा तुकडा लांब सळईला टोचायचा, वरून चाकूने चौकटी पाडायच्या आणि निखाऱ्यावर धरायचा. चरबी सुटली की पटकन उचलून पावाच्या स्लाइसवर ठिबकवायची. पावावर बारीक चिरलेला कांदा, मुळा, काकडी, ढोबळी मिरची. चरबी ठिबकवून झाली की बेकन परत निखाऱ्यावर. घाई केली तर जाळ उठतो आणि चरबी राखेत. एका पावाला अर्धा तास सहज जातो, त्यामुळे शेजारच्या सळईवाल्याशी बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. मी शाकाहारी, म्हणून कांदा चिरायचं खातं कायमचं माझ्याकडे आलं, आणि गावातली निम्मी माणसं मला त्या कांद्याच्या टेबलावरच भेटली. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अर्ज ठेवलेले असतात, हे मी लपवत नाही.

पॉलिसी घ्यावी का? छोटी घ्या, सभासद होण्यापुरती. घराचा मुख्य विमा म्हणून नको. कर्ज आणि मुलं असतील तर साधा टर्म विमा (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) जिथे स्वस्त पडेल तिथे घ्या. आणि हो, दोन गोष्टी सहकारी सांगणार नाही. फ्रॅटर्नल संस्था बुडाली तर पेनसिल्व्हेनियात राज्याचा हमी निधी तिच्या सभासदांना लागू नाही, व्यापारी कंपन्यांना आहे. आणि सर्टिफिकेटमध्ये (पॉलिसीलाच इथे हे नाव) बहुतेक एक कलम असतं, की राखीव निधी कमी पडला तर सभासदांकडून जादा वसुली होऊ शकते. ते कलम शोधून वाचा, संस्थेचा वार्षिक ताळेबंद मागा. कुणी ॲन्युइटी (आधी पैसे भरून पुढे ठरावीक उत्पन्न घ्यायची योजना) गळ्यात मारत असेल तर मुदतीआधी पैसे काढण्याचा दंड आधी विचारा. बदल्यात तुम्हाला प्रतिनिधी निवडायला मत मिळतं, ते मोठ्या व्यापारी कंपनीकडून टर्म विमा घेऊन सहसा मिळत नाही.

अजून एक. हे वाचून आपल्या मंडळात विमा सुरू करू या म्हणून कुणी उठू नये. 'मेल्यास इतके देऊ' अशी हमी दिली की तो विमा होतो आणि त्याला परवाना लागतो. मदतनिधी वेगळा, त्यात हमी नसते, कमिटी प्रसंग पाहून देते. वकिलाला विचारून तेवढं नक्की करता येतं. तुम्ही ज्या मंडळात जाल तिथले खजिनदार ऑफिसच्या विम्याचं कारण सांगून हसले, तर हे उत्तर त्यांना खुशाल पाठवा. माणूस तोच असण्याची शक्यता आहे.