पोट भरतं, तरी वजन का वाढतं?

प्रश्न : आम्ही पाच जण. रेशनचा भात-पोळी, पातळ वरण, दुपारी चहा-खारी. पोटभर जेवूनही तासाभरात भूक लागते, माझं वजनही वाढतंय. भात बंद करू का?

उत्तर : भात बंद करू नका, वरण घट्ट करा. 100 ग्रॅम तूरडाळीत साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढ्याच डाळीचं पाणी वाढवून पाच जणांत वाटलं, तर वाट्याला येतात जेमतेम 4 ग्रॅम. 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम लागतात. प्रथिनं कमी पडली की भूक रेंगाळते आणि ती भागवायला हात खारीकडे जातो. खारीत मैदा आणि वनस्पती तूप, म्हणजे उष्मांक भरपूर, प्रथिनं नावालाच. हा दोष तुमच्या संयमाचा नाही.

खारीऐवजी मूठभर फुटाणे खा. माणशी 30 ग्रॅम सोयावडी घेतली तर 15 ग्रॅम प्रथिनं मिळतात. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा घट्ट पिळा. पाणी राहिलं तर उग्र वास येतो आणि मुलं ताट सरकवतात. अंड्यात 6 ग्रॅम असतात. मटकीची उसळ वाटीभर वाढा, भात आपोआप कमी जाईल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.