वाचकांचे प्रश्न : मॅरेथॉन आणि शहराचा रस्ता

प्रश्न : आमच्या शहरात पाच हजार जणांची अर्धमॅरेथॉन भरवायची आहे. महापालिकेचं परवानगीपत्र मिळालं आहे. तेवढं पुरतं का?

उत्तर : नाही. रस्ता महापालिकेचा असला तरी त्यावरची वाहतूक बंद करण्याचा आदेश वाहतूक पोलीस काढतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार महिन्याभराच्या आतली बंदी राजपत्रात छापावी लागत नाही, पण तिला स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. महापालिकेतही कमानी-मंडप, जाहिरात परवाना, घनकचरा, अग्निशमन ही दारं वेगवेगळी. मार्गाचा एखादा तुकडा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असेल, तर त्यांचं ना हरकत पत्र निराळं. म्हणून मार्गाचा नकाशा आधी वाहतूक शाखेला दाखवा, बाकीचे अर्ज त्यानंतर करा. नाहीतर पोलीस एक चौक बदलायला सांगतात आणि प्रत्येक अर्जाला नवा नकाशा जोडत बसावं लागतं.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. तुमची शर्यत साडेपाचला सुटणार असेल, तर सुरुवातीच्या सूचना शिट्टी, झेंडे आणि स्वयंसेवक यांच्यावरच भागवा. दुसरं, किलोमीटरच्या फलकावर प्रायोजकाचं नाव आलं की तो फलक जाहिरातीत मोडतो. त्याचा परवाना मुंबईत १८८८ च्या, तर राज्यातल्या इतर महापालिकांत १९४९ च्या महापालिका अधिनियमाखाली घ्यावा लागतो. त्याचं शुल्क पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

प्रश्न : दरवर्षी शर्यतीच्या दिवशी आमची सोसायटी दुपारपर्यंत कोंडली जाते. आम्ही नेमकं काय मागावं?

उत्तर : रस्ता टप्प्याटप्प्याने खुला करा, ही मागणी लेखी द्या. हिशेब सोपा आहे. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. साडेतीन तासांची मुदत असेल, तर सर्वांत मागच्या धावपटूला किलोमीटरमागे साधारण १० मिनिटं मिळतात. ६ वाजता सुटलेल्या शर्यतीत शेवटच्या माणसाने ६.१५ ला सुरुवातीची रेषा ओलांडली, तर सातव्या किलोमीटरवर तो ७.२५ ला पोचतो. झाडलोट आणि बॅरिकेड हलवायला २० मिनिटं धरली, तर पावणेआठला तिथून गाड्या सुटायला हरकत नाही. आदेशात मात्र ‘सकाळी ५ ते दुपारी १२’ असं सरसकट लिहिलेलं असतं, आणि चौकातला हवालदार त्या कागदाबाहेर जाऊ शकत नाही. त्याला दोष देऊ नका, प्रत्येक चौकाची वेळ आदेशातच छापून घ्या.

मार्ग त्याच रस्त्याने परत येणारा असेल, तर हे गणित बिघडतं. पहिले किलोमीटर शेवटपर्यंत अडकून राहतात. मार्ग वर्तुळाकार असेल, तर आतली वस्ती वेढली जाते. तिथे उड्डाणपूल किंवा भुयारी मार्गाने एक वाट खुली हवी. रुग्णवाहिका कुठल्या फटीतून सोडायची आणि फट उघडायला कोणाला फोन करायचा, हे सोसायटीच्या फलकावर आठवडाभर आधी लागलं पाहिजे. डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला रविवार बदलून मिळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे महापालिका स्वतःच मॅरेथॉन भरवते. मग कचऱ्याचा खर्च कोणाचा?

उत्तर : ठाण्याची महापौर वर्षा मॅरेथॉन किंवा वसई-विरारची स्पर्धा अशीच, महापालिकेच्या पुढाकाराची. आमच्या मते अशा वेळी सफाई, जादा पाळ्या आणि माफ केलेलं जाहिरात शुल्क वेगळ्या शीर्षाखाली दाखवायला हवं. एरवी तो खर्च रोजच्या सफाईत विरून जातो.

खर्च किरकोळ नसतो. पाच हजार धावपटूंनी एका पाणपोईवर १५० मिलीलिटरचे दोन-दोन पेले घेतले, तरी १,५०० लिटर पाणी आणि दहा हजार पेले झाले. पेले टेबलाजवळ पडत नाहीत. धावपटू पीत पीत पुढे जातो आणि शंभर-दोनशे मीटरवर टाकतो. त्यामुळे पिंपांची रांग टेबलाच्या पुढे, धावण्याच्या दिशेने लावा. पावसाळी शर्यतीत तेच पेले पर्जन्यजलवाहिन्यांच्या जाळ्यांवर बसतात आणि पाणी तुंबतं. तेव्हा प्रत्येक पाणपोईपुढच्या जाळ्या आधी मोजून ठेवा आणि दर जाळीपाशी झाडू घेतलेला एक माणूस शर्यत संपेपर्यंत उभा करा.