भूगोल नव्याने शिकताना प्राकृतिक आणि मानवी भूगोलातल्या मूळ संकल्पना कुठून समजून घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की प्राकृतिक भूगोलाची एक आणि मानवी भूगोलाची एक अशा दोन वह्या व्याख्यांनी भरल्या, व्याख्या पाठही झाल्या, पण या दोघींचा एकमेकींशी संबंध काय ते उमगत नाही. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतोय, आणि हीच अडचण दरवर्षी ऐकतो. माझं सांगणं असं, की दोन्ही वह्या आठवडाभर मिटून ठेवा. नकाशासंग्रह उघडा, एकच प्रदेश निवडा आणि त्याला दोन प्रश्न विचारत राहा. हे कुठे आहे? आणि तिथेच का आहे? मी इथे नाईल नदी आणि इजिप्त घेतो, कारण सुरुवातीला लागणारं जवळजवळ सगळं तिथे एका जागी सापडतं.

आधी ‘कुठे’. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात एराटोस्थेनिस नावाचा विद्वान होता. दक्षिणेकडच्या स्येने गावात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, भर दुपारी, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडायची. त्या सावलीवरून काढलेला कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे ७.२ अंश भरला. दोन गावांमधलं अंतर ५,००० स्टेडिया (अंतर मोजायचं प्राचीन ग्रीक माप) धरलं, पन्नासने गुणलं, आणि पृथ्वीचा परीघ मिळाला.

स्येने म्हणजे आजचं अस्वान. नकाशात बघा: अलेक्झांड्रिया साधारण ३१.२ अंश उत्तर, अस्वान साधारण २४.१ अंश उत्तर. वजाबाकी ७.१. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे दोन्ही ठिकाणांमध्ये उत्तर-दक्षिण सुमारे ७९० किलोमीटर अंतर आहे. हा गुणाकार स्वतः कागदावर करा. अक्षांश हा कोन आहे, नकाशावर छापलेली रेघ नव्हे, हे व्याख्या दहा वेळा वाचून डोक्यात शिरत नाही ते या एका आकडेमोडीने शिरतं. रेखांशाबद्दल सध्या दोनच गोष्टी पुरेत. रेखावृत्तं ध्रुवांकडे जवळ येत जातात, म्हणून ६० अंश अक्षवृत्तावर दोन रेखावृत्तांमधलं अंतर विषुववृत्ताच्या निम्मंच उरतं. आणि १५ रेखांशांमागे एक तासाचा फरक पडतो.

अस्वानजवळच सूर्य डोक्यावर का येतो? पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे, म्हणून त्या दिवशी दुपारी सूर्य सुमारे २३.५ अंश उत्तरेला, म्हणजे कर्कवृत्तावर, डोक्यावर येतो; आणि कर्कवृत्त अस्वानच्या जवळून जातं. इथे एक चूक फार जण करतात. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, असं त्यांना वाटतं. खरं तर ती सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते (सुमारे १४.७ कोटी किलोमीटर) आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला (सुमारे १५.२ कोटी). ऋतू होतात ते आस कललेला असल्यामुळे. ही एक गोष्ट पक्की झाली की हवामानाचं निम्मं प्रकरण सोपं होतं.

आता नदी. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. नकाशात ती ‘वर’ जाताना दिसते, म्हणून विद्यार्थी गोंधळतात. पण नदीला दिशा कळत नाही, उतार कळतो. म्हणून ‘वरचा इजिप्त’ हे नाव दक्षिण भागाला आहे आणि ‘खालचा इजिप्त’ समुद्राजवळच्या उत्तर भागाला.

आणि या नदीने प्राचीन लोकांना एक सुंदर कोडं घातलं होतं. इजिप्तमध्ये ऐन उन्हाळ्यात, आभाळात ढग नसताना, नदीला पूर यायचा. जूनअखेर पाणी चढू लागायचं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पूर भरात असायचा. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेही यावर पानंच्या पानं विचार केलाय. उत्तर हजार-दीड हजार किलोमीटर दक्षिणेला होतं. इथिओपियाच्या उंच पठारावर जून ते सप्टेंबर जोरदार पाऊस पडतो आणि ते पाणी ब्लू नाईल व अटबारा या नद्या खाली आणतात. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूने येणारी व्हाइट नाईल वर्षभर बऱ्यापैकी एकसारखी वाहते. तिचं पुष्कळ पाणी वाटेतल्या दलदलीत बाष्प होऊन उडून जातं. इजिप्तला मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या पठारावरून येतं.

मग इजिप्तवरच पाऊस का नाही? विषुववृत्तावर तापलेली हवा वर जाते, थंड होते, पाऊस पाडते आणि पुढे साधारण २५ ते ३५ अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते. उतरताना ती तापते, तिची सापेक्ष आर्द्रता (हवा जेवढं बाष्प धरू शकते त्याच्या मानाने तिच्यात असलेलं बाष्प) घटते, ढग बनत नाहीत. हाच मध्य अक्षवृत्तीय जास्त दाबाचा पट्टा. जगाच्या नकाशावर बोट फिरवा: सहारा, अरबस्तान, दक्षिण गोलार्धात कालाहारी, ऑस्ट्रेलियाचं वाळवंट. सगळी या पट्ट्यात किंवा त्याला लागूनच. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. (भूगोलात ‘हवा’ म्हणजे वातावरणाची आत्ताची स्थिती आणि हवामान म्हणजे साधारण ३० वर्षांच्या नोंदींवरून काढलेली सरासरी, एवढा फरक इथेच लक्षात ठेवा.)

खनन, वहन आणि संचयन हे तीन शब्दही याच नदीत भेटतात. पठारावर खडक झिजतो, प्रवाह तो गाळ वाहून आणतो, समुद्राजवळ वेग मंदावला की टाकून देतो. त्यातून त्रिभुज प्रदेश तयार होतो.

इथपर्यंत सगळं प्राकृतिक. आता त्याच नकाशावर माणसं ठेवा. इजिप्तचं क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या १० कोटींच्या वर. भागाकार केला तर दर चौरस किलोमीटरला शंभरावर माणसं. गणित बरोबर, पण अशी सरासरी घनता देशात जवळजवळ कुठेच बघायला मिळत नाही. सुमारे ९५ टक्के लोक नदीकाठच्या आणि त्रिभुज प्रदेशातल्या जेमतेम ५ टक्के जमिनीवर राहतात. रात्री उपग्रहातून काढलेल्या छायाचित्रात हे दिव्यांच्या अरुंद पट्टीसारखं दिसतं. घनता आणि वितरण या दोन वेगळ्या संकल्पना का लागतात, ते त्या एका चित्रात आहे. प्रमाण, म्हणजे कोणत्या पातळीवरून बघतोय, हेही तिथेच कळतं. देश एक ठिपका धरला तर एक उत्तर, खोऱ्याच्या पातळीवर उतरलात तर अगदी दुसरं. माझ्या मते प्रमाण ही भूगोलातली सर्वांत महत्त्वाची संकल्पना आहे, आणि वर्गात तिला सर्वांत कमी वेळ मिळतो.

मग निसर्गच सगळं ठरवतो का? हाच निसर्गवाद (निसर्गच माणसाचं जगणं ठरवतो) आणि संभववाद (निसर्ग शक्यता देतो, निवड माणूस करतो) यांच्यातला वाद. जर्मनीचा भूगोलतज्ज्ञ रॅट्झेल याचं नाव पहिल्या बाजूशी जोडलं जातं, फ्रान्सचा भूगोलतज्ज्ञ विदाल द ला ब्लाश याचं दुसऱ्या बाजूशी. नावं लक्षात राहतीलच, पण वाद अस्वानला जाऊन तपासा. तिथलं मोठं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं आणि हजारो वर्षांचा पूर थांबला. बारमाही सिंचन आलं, वीज आली. पण गाळ धरणामागे अडकला, शेतांना रासायनिक खतं लागू लागली, त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खाऊ लागला, त्या भागात राहणाऱ्या हजारो न्युबियन लोकांना पिढ्यान्पिढ्यांची घरं सोडावी लागली. माणसाने निसर्ग बदलला आणि बदललेल्या निसर्गाने माणसाचं जगणं बदललं. तुमच्या दोन वह्या इथे एक होतात.

राजकीय भूगोलही याच पाण्यात आहे. नाईलचं खोरं ११ देशांत पसरलंय. पाणलोटाची सीमा आणि देशांची सीमा जुळत नाही. २०११ मध्ये इथिओपियाने ब्लू नाईलवर प्रचंड धरण बांधायला घेतलं तेव्हा खालच्या देशांना चिंता का वाटली, हे आता तुम्हीच सांगू शकाल. सापेक्ष स्थान, म्हणजे इतर ठिकाणांच्या संदर्भातली जागा, समजायला सुएझ कालवा पुरेसा आहे: १८६९ मध्ये तो उघडला, इजिप्तचे अक्षांश-रेखांश तेच राहिले, पण युरोप-आशिया सागरी वाटेवरची त्याची जागा पार बदलून गेली.

आता एक कोडं तुमच्यासाठी. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पश्चिमेला अटाकामाचं कोरडं वाळवंट आहे. त्याच पर्वताच्या दक्षिण टोकाकडे मात्र पश्चिम बाजूला मुसळधार पाऊस पडतो आणि पूर्वेचा पॅटागोनिया कोरडा राहतो. पर्वत एकच, कोरडी बाजू उलटी. ग्रहीय वाऱ्यांचा (पृथ्वीवर वर्षभर ठरावीक दिशेने वाहणाऱ्या वाऱ्यांचा) आणि सागरी प्रवाहांचा नकाशा शेजारी ठेवून बघा, आणि काय सापडलं ते खाली लिहा, मी नक्की वाचेन.