लॉगिन बंद, तरी लॅपटॉप बॅगेत?

"ताई, कंपनीनं मला दोन आठवड्यांची सक्तीची रजा लावलीय, तेवढे दिवस लॉगिनही बंद. सहा वर्षं सर्व्हर मी एकट्यानं सांभाळतोय. रात्रीचा बॅकअप अडकला की काय करायचं, ते फक्त मलाच माहीत. जादा कामाच्या बदल्यातल्या ३७ सुट्ट्या, म्हणजे कॉम्प-ऑफ, नुसत्या साचल्यात. त्याचं हे फळ? माझ्यावर संशय आहे का? सहकाऱ्याचा पासवर्ड घेऊन लॅपटॉप सोबत न्यायचं ठरवलंय. (आणि माझ्यावाचून सगळं नीट चाललं तर?)"
– एक सिस्टीम अ‍ॅडमिन

आधी पासवर्डाचं. तो विचार आजच सोडा. दुसऱ्याच्या नावानं आत शिरलात, तर आज नसलेला संशय उद्या खरा ठरेल आणि तो बिचारा सहकारीही गोत्यात येईल.

संशय म्हणाल तर तो माणसावर नसतो, खुर्चीवर असतो. बँकांत ही जुनी रीत आहे: ज्याच्या हाती किल्ल्या, त्यानं वर्षातून एकदा सलग दोन आठवडे लांब राहायचं. रोज सारवासारव करूनच टिकणारी लबाडी तेवढ्यात उघडी पडते. २००८ साली सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेला एका ट्रेडरच्या लपवलेल्या सौद्यांपायी ४.९ अब्ज युरोंचा फटका बसला. तो गडीही रजा टाळायचा.

तुम्ही लबाड नाही. पण रोज तुमचा हात लागला तरच चालणारी एक गोष्ट तुमच्याकडेही आहे, तो बॅकअप. तुम्ही ते जरा अभिमानानंच लिहिलंय. मला तर तो सरळ बिघाड वाटतो, सहा वर्षं तुम्ही आपल्या झोपेनं झाकलेला. आणि सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा चुका करतो, हे १९९७ मध्येच प्रयोगातून दिसलंय. दिवसभर राबून रात्री अडीचला प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू सर्व्हरवर, कमांड मारणारे तुम्ही कितव्या तासाला असता, मोजा एकदा.

तेव्हा जायच्या आधी बॅकअपची कृती लिहून काढा आणि सहकाऱ्याला नुसत्या त्या कागदावरून करायला लावा. तुम्ही शेजारी बसायचं, हाताची घडी, तोंड बंद. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल, तिथे कागदावर एक ओळ कमी आहे. रजेत मुदत संपणारी सर्व्हरची सुरक्षा सर्टिफिकेटं बदलून ठेवा. शेवटच्या दिवशी सर्व्हरवर नवीन काही चढवू नका, मोह होतोच. "फोन चालू आहे, कधीही करा" हे तर अजिबात म्हणू नका. तुम्हाला फोन करायचा की नाही, हे एकट्या मॅनेजरनं ठरवावं.

राग खर्च करायचाच असेल तर त्या ३७ दिवसांवर करा. ही सक्तीची रजा तुमच्या शिलकीतून कापणार का, हे निघण्यापूर्वी लेखी विचारा. कॉम्प-ऑफ कधीपर्यंत टिकतात, बदल्यात पैसे मिळतात का, तेही. रात्रीच्या ऑन-कॉलला, म्हणजे काही अडलं की धावायला, दुसरा माणूस मागा. इथे भिडस्तपणा नको.

आता तुमचा तो कंस. चालेल हो, बहुतेक नीट चालेल. मागे मी महिनाभर आजारी होते, तेव्हा हा स्तंभ दुसरीनं लिहिला. "यांनाच ठेवा" अशी तीन पत्रं आली. दोन दिवस झोंबलं, मग त्यातलं एक पत्र नीट वाचलं, तर त्यात माझी एक चूक अगदी बरोबर धरलेली होती.

परतलात की काय काय अडलं होतं ते मला कळवा.