पाणी बदलले आणि मासे धापा टाकू लागले

प्रश्न: 100 लिटरच्या टाकीत चार गोल्डफिश आहेत. चार महिन्यांनी टाकी साफ केली. तीन-चतुर्थांश पाणी काढून थेट नळाचे भरले, फिल्टरचा स्पंजही नळाखाली चोळून धुतला. दोन तासांत मासे वर येऊन धापा टाकू लागले, एक तळाशी आडवा झाला. कोणते औषध घालावे?

उत्तर: कोणतेच नाही. दोन तासांत सगळेच मासे धापा टाकू लागले, म्हणजे हा रोग नव्हे, पाणी बाधले आहे. पांढरे ठिपके वगैरे उमटायला दिवस लागतात. मिथिलीन ब्लू हे माशांचे निळे औषध ओतलेत तर स्पंजमधले, माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे उरलेसुरले उपयोगी जिवाणूही जातील.

पहिला संशय क्लोरीनवर. ते कल्ले भाजते. अँटी-क्लोरीन (क्लोरीन मारणारे द्रावण) लगेच घाला, पण मात्रा संपूर्ण 100 लिटरच्या हिशेबाने. सोडियम थायोसल्फेटचे खडे असतील तर 100 ग्रॅम 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यातले 10 मिलि पुरे. एअर पंप पूर्ण जोरात, खाणे बंद.

तासाभरात उतार पडला नाही तर अमोनिया आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी हे सांगणारा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्लधर्मी) तपासा. खरी मेख बहुधा इथेच असते. महिनोन्महिने न बदललेले पाणी आम्लधर्मी होत जाते आणि त्यात साठलेला अमोनिया अमोनियमच्या रूपात, फारसा अपाय न करता राहतो. नळाच्या पाण्याने पीएच चढला की तोच विषारी होतो: 25 अंशांना पीएच 7 असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, 8 ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणून टाकीचा पीएच नळाच्या पाण्यापेक्षा अजूनही कमी असेल तर आणखी पाणी बदलू नका, अमोनिया बांधून निरुपद्रवी करणारे कंडिशनर (पाणी सुधारणारे द्रावण) घाला. दोन्ही पीएच सारखे असतील तर क्लोरीन काढलेल्या पाण्याने पाव टाकी बदला. तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नको.

स्पंज धुतल्याने त्यातले जिवाणू गेले, त्यामुळे पुढचे काही आठवडे नायट्राइटही (अमोनियापासून बनणारा, तोही विषारी पदार्थ) वाढू शकते. ते दिसले तर लिटरला 1 ग्रॅम साधे मीठ, आधी विरघळवून, थोडे थोडे घाला. टाकीत वनस्पती असतील तर त्यांतल्या नाजूक काढून ठेवा.

यापुढे दर आठवड्याला 20 ते 25 टक्केच पाणी बदला. मात्र टाकीचा पीएच फारच उतरला असेल तर सुरुवातीला रोज 10 टक्के. आदल्या दिवशी नळाच्या पाण्याच्या बादलीत एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ठेवल्यास क्लोरीन उडते, क्लोरामिन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) उडत नाही. त्याला कंडिशनरच लागते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.